रुग्णालयांचे पर्यावरण आणि तेथे राबणारी माणसे

प्रभादेवी स्थानकातून पूर्वेकडे बाहेर पडून पंधरा-वीस मिनिटे चालले, की मुंबईतीलच नव्हे तर देशातील काही नामांकित रुग्णालये लागतात. के.ई.एम. रुग्णालय व नवरोजी वाडिया प्रसूतिगृह ही १९२६ सालची, बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ चे, टाटा स्मारक रुग्णालय १९४१ चे. जवळच कामगार राज्य विमा योजनेचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालयही आहे. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत या भागातील भोंगे एकेक करून कायमचे थांबले. रुग्णालयांना भोंगा नसतो, पण तेथील तीन पाळ्या अखंड चालू राहिल्या. परिणामी ज्या घरांत बाप साचेखात्यात होता, त्याच घरांत मुलगी परिचारिका झाली, मुलगा वॉर्डबॉय किंवा प्रयोगशाळेत सहाय्यक झाला, सून आया म्हणून लागली. आपल्या सभासदांपैकी किती जणांच्या गॅलरीत रुग्णालयाचा गणवेश वाळत घातलेला असतो, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. म्हणूनच पुढील विषय या स्मरणिकेत मांडावा असे वाटले.

विषयाचे नाव जरा भारदस्त आहे : आरोग्यसेवेतील पर्यावरणपूरक मनुष्यबळ व्यवस्थापन. व्यवस्थापनशास्त्रात याला 'हरित मनुष्यबळ व्यवस्थापन' असे म्हणतात. वॉल्टर वेहरमायर यांनी १९९६ साली 'ग्रीनिंग पीपल' हा ग्रंथ संपादित केला, तेव्हापासून या विचाराला आकार येऊ लागला. २०१३ साली रेनविक, रेडमन व मॅग्वायर या तिघांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन त्याची चौकट स्पष्ट केली. चौकट सोपी आहे. एखाद्या संस्थेला पर्यावरण सांभाळायचे असेल तर केवळ यंत्रे विकत घेऊन भागत नाही. माणसे कोणती नेमायची, त्यांना काय शिकवायचे, त्यांच्या कामाचे मोजमाप कशाने करायचे, शाबासकी कोणाला द्यायची आणि निर्णयाच्या बैठकीत कोणाला बसवायचे, या सर्व गोष्टी त्या दृष्टीने कराव्या लागतात. कारखान्यांच्या बाबतीत यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. रुग्णालयांच्या बाबतीत कमी लिहिले गेले, आणि जे लिहिले गेले ते बहुतेक व्यवस्थापकांच्या खुर्चीतून. झाडू, ट्रे आणि सलाईनची बाटली ज्यांच्या हातात असते त्यांच्या बाजूने हा विषय पाहावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

रुग्णालय आणि पर्यावरण यांचा संबंध काय, असे विद्यार्थ्यांपैकी कोणी विचारील. रुग्णालय हा चोवीस तास चालणारा कारखानाच असतो. त्याला अखंड वीज लागते, कपडे धुण्यास पाणी लागते, निर्जंतुकीकरणास वाफ व रसायने लागतात, आणि रोज सकाळी त्यातून पिशव्यांचा डोंगर बाहेर पडतो. 'हेल्थ केअर विदाउट हार्म' या जागतिक संघटनेने २०१९ साली केलेल्या अभ्यासानुसार जगातील एकूण हरितगृह वायूंपैकी ४.४ टक्के वायू आरोग्यसेवेमुळे निर्माण होतात. म्हणजे लोकांना बरे करणारी व्यवस्थाच काही प्रमाणात त्यांना आजारी पाडण्यास हातभार लावते. इंग्लंडच्या एन.एच.एस. या सरकारी आरोग्यसेवेने २०२० साली जाहीर केले की स्वतःचे थेट उत्सर्जन २०४० पर्यंत व पुरवठादारांसह सर्व उत्सर्जन २०४५ पर्यंत निव्वळ शून्यावर आणू. आपल्याकडे एवढी मोठी घोषणा दूर राहिली तरी चालेल. आपला पहिला प्रश्न कचऱ्याचा आहे, आणि तो पूर्णपणे माणसांचा प्रश्न आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे रुग्णालयातून निघणाऱ्या कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के कचरा आपल्या घरच्या कचऱ्यासारखाच असतो. कागद, पुठ्ठा, जेवणाचे उरलेसुरले, फळांच्या साली. उरलेला १५ टक्के धोकादायक असतो. परंतु हा हिशेब कचरा वेगळा ठेवला तरच खरा. रक्ताने भिजलेला एक बोळा किंवा एक वापरलेली सुई त्या ८५ मध्ये पडली, की ती सगळी पिशवीच धोकादायक होते. शंभर किलोंपैकी पंधरा किलोंची विशेष विल्हेवाट लावायची, की शंभरच्या शंभर किलोंची, हे कोणतेही यंत्र ठरवीत नाही. सुई वापरून झाल्यावर ती कोणत्या डब्यात टाकायची हे ठरविणारा हात ते ठरवितो.

यासाठी देशात कायदा आहे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ या कायद्याखाली २० जुलै १९९८ रोजी जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम निघाले. त्यांच्या जागी २८ मार्च २०१६ रोजी नवे नियम आले. पिवळ्या पिशवीत शरीराचे अवयव, रक्ताळलेले कापूस-बँडेज, मुदत संपलेली औषधे. लाल पिशवीत सलाईनच्या नळ्या, कॅथेटर, हातमोजे अशा प्लास्टिकच्या वस्तू. सुया व पाती पांढऱ्या, सहजी भोक न पडणाऱ्या डब्यात. आणि काच निळ्या डब्यात. पिवळे भट्टीत जाळले जाते. लाल व पांढरे वाफेने निर्जंतुक करून तुकडे करून पुढे पाठविले जाते. लाल पिशवीतले प्लास्टिक चुकून पिवळीत गेले, आणि त्यात क्लोरिनयुक्त प्लास्टिक असले, तर भट्टीतून डायॉक्सिन नावाची विषारी रसायने बाहेर पडू शकतात. यांपैकी सर्वांत घातक प्रकार कर्करोग निर्माण करणारा असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ सालीच जाहीर केले. वॉर्डात चुकलेली पिशवी अशा रीतीने कोणाच्या तरी फुप्फुसापर्यंत पोहोचते. मुंबईत ती देवनार-गोवंडीच्या वस्तीपर्यंत पोहोचली. तेथील भट्टीच्या धुराविरुद्ध रहिवाशांनी उच्च न्यायालयात दाद मागितली व २०२३ साली न्यायालयाने तो प्रकल्प खालापूरकडे हलविण्यास दोन वर्षांची मुदत दिली. परळच्या रुग्णालयांत वर्गीकरण काटेकोर झाले असते तर गोवंडीचा धूर संपूर्ण थांबला असता असे नव्हे. पण कमी निश्चित झाला असता.

आता मुद्द्याची गोष्ट. नियमांत एक वाक्प्रयोग आहे ज्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही : कचरा जेथे निर्माण होतो तेथेच तो वेगळा करावा. याचा सरळ अर्थ असा, की इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरने किंवा परिचारिकेनेच सुई पांढऱ्या डब्यात टाकायची आहे. जखम बांधणाऱ्यानेच रक्ताळलेले बँडेज पिवळ्या पिशवीत टाकायचे आहे. नियमाला 'सफाईवाला' दिसत नाही. त्याला फक्त वापरणारा हात दिसतो. प्रत्यक्षात काय होते? ड्रेसिंग आटोपते, सुई, कापूस, हातमोजे सगळे एकाच ट्रेमध्ये पडते, आणि हाक जाते, "मावशी, हे उचला." मग मावशी तो ट्रे बाजूला नेते आणि हाताने एकेक वस्तू निवडते. सुई तेव्हाच टोचते.

हे केवळ घाईमुळे होते असे मानणे भाबडेपणाचे आहे. घाई असते, रुग्णांची गर्दी प्रचंड असते, हे मान्य. परंतु ज्या घाईत औषधाची मात्रा चुकत नाही, त्याच घाईत डबा कसा चुकतो? कारण मात्रा हे 'आपले' काम आणि कचरा हे 'त्यांचे' काम, अशी मनातली वाटणी आधीच झालेली असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिभेदाचे निर्मूलन' या भाषणात दाखवून दिले की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही वरखाली रचलेली. रुग्णालयातील पिवळी पिशवी उघडून पाहिली तर हे वाक्य पुस्तकात शोधावे लागत नाही. त्यामुळे प्रस्तुत लेखकाच्या मते 'जेथे निर्माण होतो तेथेच' हे कलम पर्यावरणाचे जितके आहे तितकेच ते सामाजिक आहे. ते नीट पाळले गेले तर घाण कोणी करायची आणि कोणी उचलायची या जुन्या वाटणीला एका सरकारी नियमानेच धक्का बसतो. कदाचित म्हणूनच ते पाळणे इतके जड जाते.

मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांसाठी बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात म्युनिसिपल कामगार संघ उभा केला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. पुढे व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री असताना, १९४२ ते १९४६ या काळात, कामगारांच्या आरोग्यविम्याच्या योजनेला त्यांनी चालना दिली. १९४८ साली त्याचा कायदा झाला आणि परळचे गांधी रुग्णालय त्याच योजनेतले. के.ई.एम.च्या जन्मातही मनुष्यबळाचाच प्रश्न होता हे मात्र कमी जणांना ठाऊक असते. गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी दिली ती या अटीवर, की तेथील अध्यापकवर्ग सरकारी नोकरीत नसलेल्या भारतीय डॉक्टरांचाच असावा. परक्यांच्या अमदानीत आपली माणसे कोणत्या जागेवर बसणार, हा त्या वेळचा सवाल होता. आज तोच सवाल एक पायरी खाली उतरून विचारायला हवा : वॉर्डातील मामा आणि मावशी कोणत्या जागेवर बसणार?

येथे लाड-पागे समितीच्या शिफारशींचा उल्लेख करणे भाग आहे. सफाई कामगार निवृत्त झाला किंवा मरण पावला तर त्याच्या वारसाला नोकरी मिळावी, अशी तरतूद या शिफारशींमुळे महाराष्ट्रात झाली. हिचा फायदा हजारो कुटुंबांना झाला. मुंबईत खोली टिकली, मुले शिकली. तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु बी.एस्सी. झालेला मुलगा वडिलांच्या जागेवर झाडू घेऊन उभा राहतो आणि संपूर्ण नोकरी त्याच झाडूवर काढतो, तेव्हा सुरक्षितता आणि साखळी यांतला फरक पुसट होतो. पर्यावरणपूरक मनुष्यबळ व्यवस्थापनात नेमणुकीइतकीच बढती महत्त्वाची मानली आहे ती याच कारणाने. कचऱ्याचे शास्त्र ज्याला येते, त्याला पर्यवेक्षक, स्वच्छता निरीक्षक, संसर्ग नियंत्रण सहाय्यक अशा पायऱ्या मोकळ्या असायला हव्यात. वीस वर्षे वॉर्डातला कचरा पाहिलेल्या माणसाला जे कळते, ते कोणत्याही सल्लागार कंपनीला दोन आठवड्यांत कळत नाही. आणि तरी पगार, मान आणि फाईल सल्लागाराकडे जाते.

सुईविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. बाधित रुग्णाची सुई टोचल्यास, लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी म्हणजे 'ब' प्रकारची कावीळ होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. हिपॅटायटिस सी ची शक्यता शंभरात साधारण दोन-तीन, आणि एच.आय.व्ही. ची हजारात तीन. लोक घाबरतात ते एच.आय.व्ही. ला, खरा धोका काविळीचा अधिक असतो, आणि नेमकी त्याच काविळीवर लस उपलब्ध आहे. तिचे तीन डोस असतात : पहिला, एका महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. २०१६ च्या नियमांप्रमाणे कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे, नोकरीला लागताना व त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करणे, आणि लागताना व दरवर्षी प्रशिक्षण देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. ती मेहेरबानी नव्हे. यात कायम आणि कंत्राटी असा भेद नियमाने केलेला नाही.

सुई टोचलीच तर काय करावे? जखम दाबून रक्त काढू नये, तोंडात तर मुळीच घालू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. लगेच, म्हणजे शक्यतो दोन तासांच्या आत, वरिष्ठांना कळवून रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे. एच.आय.व्ही. प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात व ती २८ दिवस घ्यावी लागतात. ७२ तास उलटून गेल्यावर त्यांचा उपयोग राहत नाही. कित्येक मावशी ही गोष्ट लपवितात. "तुम्हीच नीट काम करीत नाही" असे ऐकावे लागेल, कंत्राटदार उद्यापासून येऊ नको म्हणेल, ही भीती. जेथे सुई टोचल्याची नोंद करणे म्हणजे गुन्ह्याची कबुली ठरते, तेथे नोंदवहीत एकही अपघात नसतो आणि त्या कोऱ्या नोंदवहीला स्वच्छतेचा पुरावा म्हणून दाखविले जाते. कामाचे मोजमाप कशाने करायचे हा प्रश्न वर आला होता तो येथे लागू पडतो. नोंदी वाढल्या तर तो विभाग वाईट, असे न मानता प्रामाणिक मानला पाहिजे.

कंत्राटी पद्धतीकडे वळू. प्रशिक्षणाला पैसा व वेळ लागतो. एका आयाला पिशव्यांचे रंग, डबे, हातमोजे, वजन, बारकोड हे सगळे अंगवळणी पडायला काही महिने जातात. तोवर कंत्राटाची मुदत संपते, नवा कंत्राटदार येतो, नवी माणसे येतात आणि पाटी पुन्हा कोरी. मग भिंतीवर रंगीत तक्ते लागतात, ते बहुधा इंग्रजीत असतात, आणि तपासणी पथक आल्यावर त्यांचे फोटो काढले जातात. पर्यावरणाचे ज्ञान ही साठत जाणारी गोष्ट आहे. माणूस टिकला तर ती साठते. म्हणून कायम नोकरी हा केवळ पगाराचा विषय नसून रुग्णालयाच्या स्वच्छतेचा विषय आहे. मुंबईतील कंत्राटी सफाई कामगारांच्या बाबतीत कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे न्यायालयीन लढा दिला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने महानगरपालिकेच्या २७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. ते रस्त्यावरचा कचरा उचलणारे कामगार होते, रुग्णालयातले नव्हेत. पण रुग्णालयाच्या काळ्या पिशवीत चुकून गेलेली सुई अखेर त्यांच्याच हातात लागते. वॉर्डातली मावशी आणि गाडीवरचा कामगार यांची भेट कधी होत नसली तरी दोघांचे हात एकाच सुईने बांधलेले असतात.

या ठिकाणी पैशाचा एक बारकावा सांगण्यासारखा आहे. सामाईक प्रक्रिया केंद्र रुग्णालयाकडून आकार घेते तो कोठे खाटेमागे, कोठे वजनावर. वजनावर आकार असला की धोकादायक कचरा साध्या कचऱ्यात ढकलण्याचा मोह होतो. खाटेमागे असला की निवडण्याची दगदग कशाला, सगळेच पिवळ्यात टाका, असे होते. दोन्हीकडे खर्च वाचविणारा वर बसलेला असतो आणि दोष मात्र खालच्या हाताला लागतो.

डॉक्टरांचे काम यात कमी नाही. भूल देण्यासाठी वापरला जाणारा डेसफ्लुरेन हा वायू पृथ्वी तापविण्याच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट प्रभावी आहे. सेव्होफ्लुरेन हा दुसरा वायू त्या मानाने फारच सौम्य. बहुतेक शस्त्रक्रियांत दुसऱ्याने काम भागते. इंग्लंडच्या एन.एच.एस.ने २०२४ पासून मोजके अपवाद वगळता डेसफ्लुरेन बंद केला. एकाही नव्या यंत्राशिवाय, केवळ भूलतज्ज्ञांना पटवून व शिकवून झालेली ही सुधारणा आहे. पाऱ्याचीही तीच कथा. काचेच्या तापमापकात साधारण एक ग्रॅमपर्यंत पारा असतो, रक्तदाब मोजण्याच्या जुन्या उभ्या यंत्रात तर शंभर ग्रॅमच्या आसपास. तापमापक फुटला की पाऱ्याचे चमकणारे थेंब झाडूने गोळा करून बेसिनमध्ये सोडणे, हे अनेक वर्षे सर्रास चालले. झाडू मारल्याने पाऱ्याचे आणखी बारीक थेंब होतात, त्याची वाफ श्वासातून जाते व मज्जासंस्थेवर परिणाम करते, हे झाडणाऱ्याला कोणी सांगितले नव्हते. पाऱ्यासंबंधीचा मिनामाता करार २०१३ साली झाला. भारताने त्यास २०१८ साली मान्यता दिली.

शेवटचा मुद्दा अंतराचा आहे, आणि प्रभादेवीकरांना तो वेगळा समजावून सांगावा लागू नये. एके काळी परळच्या रुग्णालयातला कर्मचारी परळ, नायगाव, लालबाग, वरळीच्या चाळीत राहत असे आणि चालत कामावर येई. जागांचे भाव वाढले तसा तो कल्याण, बदलापूर, विरार, नालासोपाऱ्याला गेला. आता पहाटेच्या पाळीसाठी त्याला चारला उठावे लागते. रुग्णालयाजवळ कर्मचारी निवास बांधणे हे हरित धोरणच आहे, कारण त्यात इंधन वाचते आणि माणसाचा जीवही वाचतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी होऊन लोकल थांबल्या, तेव्हा हे सर्वांना दिसले. १५ जून २०२० रोजी अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी काही लोकल सुरू होईपर्यंत परिचारिका व वॉर्डबॉय बेस्ट आणि एस.टी.च्या बसने तासन्‌तास प्रवास करून येत होते. साथीत टाळ्या वाजल्या त्या त्यांच्यासाठीच. पण टाळ्यांनी ड्युटी लावण्याची पद्धत बदलली नाही.

पावसाचेही तसेच. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत के.ई.एम. रुग्णालयाच्या तळमजल्यावर पाणी शिरले आणि रुग्णांना वरच्या मजल्यावर हलवावे लागले. ज्यांची पाळी संपली होती ते घरी जाऊ शकत नव्हते, ज्यांची सुरू व्हायची होती ते पोहोचू शकत नव्हते. त्याच संध्याकाळी आपल्या प्रभादेवीत एक दुर्घटना घडली. बॉम्बे हॉस्पिटलमधील नामवंत पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर पाण्यात गाडी अडकल्यामुळे उतरून घराकडे चालत निघाले आणि एल्फिन्स्टन रोडजवळ उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीच्या किनाऱ्यावर सापडला. पर्यावरण म्हणजे दूरचे जंगल आणि वाघ, असे ज्यांना वाटते त्यांनी ही घटना आठवावी. हवामान बिघडते तेव्हा सर्वांत आधी ज्यांना घराबाहेर पडावे लागते त्यांत आरोग्यसेवक असतात. अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या दिवशी कोणी कोठे थांबायचे, रात्र काढण्यास जागा कोठे, जेवण कोण देणार, लहान मूल घरी असलेल्या परिचारिकेची पाळी कशी बदलायची, हे आधी कागदावर ठरविणे हे मनुष्यबळ विभागाचे काम आहे. बहुतेक ठिकाणी ते त्या दिवशी दुपारी फोनवर ठरते.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी या क्षेत्रात वाटा आहेत. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेतर्फे स्वच्छता निरीक्षकाचा अभ्यासक्रम चालविला जातो. टाटा समाजविज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने आरोग्यसेवेतील कचरा व्यवस्थापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम तयार केलेला आहे, तो नोकरी सांभाळून करता येण्याजोगा. पर्यावरण, कामगार कायदा व आरोग्य हे तिन्ही एकत्र जाणणारी माणसे थोडी आहेत. ज्याच्या घरी आई आया आहे, त्या मुलाला यातला अर्धा विषय जेवताना ऐकून ठाऊक असतो, हा त्याचा फायदा समजावा.

कामावर असलेल्या सभासदांनी आपापल्या रुग्णालयात कचरा व्यवस्थापनाची समिती आहे काय, तिच्या बैठका होतात काय, तिच्यात चतुर्थ श्रेणीचा प्रतिनिधी आहे काय, याची चौकशी करावी. नियमांप्रमाणे समितीची बैठक दर सहा महिन्यांनी व्हायची असते. संस्थेच्या अभ्यासवर्गात एक रविवार यासाठी ठेवता येईल. आरोग्यसेवेत असलेल्या प्रत्येकाने आपले लसीकरणाचे कार्ड आणावे. ज्यांच्याकडे ते नाही त्यांची यादी करून लेखी अर्ज तयार करावेत. आणि रात्रपाळीत सुई टोचली तर कोणाकडे जायचे, त्या अधिकाऱ्याचे पद व खोली क्रमांक प्रत्येकाने विचारून लिहून आणावा, हा त्या रविवारच्या आधीचा गृहपाठ.